डोकं माझं, पोट रबराचं

माझं काम काय, हे कुणाला सांगायला गेलं की समोरचा आधी हसतो. मी रडते. हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत, तळमजल्यावर, सराव खोली आहे. तिथे मी गरोदर बाई होऊन पडते आणि वेळ आली की रडते. वय विचारू नका. तिथे सोनोग्राफी शिकणाऱ्या मुली मला मावशी म्हणतात, त्यावरून काय ते ओळखा.

खोलीत एक आरामखुर्ची आहे. मी तिच्यात रेलते, माझ्या मांड्यांवर एक स्टँड सरकवतात आणि त्यावर रबराचं पोट ठेवतात. नुसतं पोट हं, ना हात ना पाय. मग गळ्यापासून चादर ओढायची आणि पोटापुरती उघडी ठेवायची. डोकं माझं, पोट रबराचं. पहिल्या दिवशी आरशात बघून मीच इतकी हसले, की मोठ्या बाईंनी चहा मागवला आणि सगळं अर्धा तास पुढे ढकललं. मोठ्या बाई म्हणजे तिथे शिकवणाऱ्या डॉक्टर. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण आवाज असा की भिंतीसुद्धा सरळ उभ्या राहतील.

त्या पोटात कॉम्प्युटर आहे. शिकणाऱ्या मुलीने हातातला प्रोब जेल लावून फिरवला, की पडद्यावर बाळ दिसतं, अगदी खऱ्या सोनोग्राफीसारखं काळंकरडं. कोणतं बाळ दाखवायचं ते मोठ्या बाई बटणाने ठरवतात. पायाळू, जुळं, वार खाली सरकलेली, पाणी कमी झालेलं. मुलींनी डोकं मोजायचं, मांडीचं हाड मोजायचं, हृदय शोधायचं. खऱ्या बाईच्या पोटावर चुकत चुकत शिकण्यापेक्षा हे कितीतरी बरं. कुणी जोरात दाबलं की स्टँडवरचा लाल दिवा लागतो आणि मी ‘आई गं’ म्हणून ओरडते. काही जणी इतक्या दचकतात, की प्रोब हातातून खाली पडतो.

आणि कधीकधी मोठ्या बाई ठोके थांबलेलं बाळ लावतात. मुलीला आधी सांगत नाहीत. तिने ते शोधायचं, खात्री करायची आणि मग मला सांगायचं. माझं खरं काम तिथे सुरू होतं.

अहो, काय काय ऐकलंय मी त्या खुर्चीत! एकीने पडद्याकडे बघत ‘अरेच्चा’ म्हटलं. एकीने मला हृदयाचे कप्पे किती असतात ते समजावलं. एक जण ‘सॉरी’ म्हणून जी बाहेर पळाली, ती थेट बसस्टॉपवर सापडली. बऱ्याच जणी म्हणतात, ‘ठोके सापडत नाहीयेत.’ माझं टाळकंच फिरतं. सापडत नाहीत म्हणजे काय? चष्मा आहे का तो? बाई म्हणणारच ना, मग नीट शोधा की! मी तसं म्हणतेही, तेच मला शिकवलंय. मग ती पोरगी पुन्हा प्रोब उचलते, पुन्हा शोधल्याचं नाटक करते, आणि त्या बाईला तेवढा वेळ फुकटची आशा लागते. म्हणून मोठ्या बाई सगळ्यांकडून घोटून घेतात. प्रोब खाली ठेव. जेल पूस. स्टूल ओढून बस, उभ्याने सांगू नकोस. तिच्या डोळ्यांत बघ. हात हातात घे. सरळ शब्दांत सांग. आणि मग गप्प बस, कितीही जड गेलं तरी.

हे सगळं मला पाठ होतं. मुलींपेक्षा जास्त पाठ, कारण त्या येऊन जाऊन असायच्या आणि मी कायमची. हौशी नाटकांत आईचं काम नेहमी माझ्याकडेच यायचं, त्यामुळे रडण्याची सवय जुनी. पण इथलं रडणं वेगळं. टाळ्या नाहीत की काही नाही, तरी मला ते काम आवडायचं. खोटं कशाला बोलू?

माझ्या लेकीला मात्र ते डोळ्यांसमोर नको होतं.

लग्नानंतर कितीतरी वर्षं तिला दिवस राहत नव्हते. राहिले ते तिसऱ्या महिन्यात गेले. त्यानंतर पुन्हा राहिले आणि या वेळी टिकले. आठवा लागला तेव्हा कुठे घरात जरा मोकळं हसू लागलो. तोवर तिने एक झबलंसुद्धा विकत घेऊ दिलं नव्हतं. जावई तर जिन्यावरून ती उतरत असली की असा पुढे चालायचा, जणू ती काचेची आहे. मी त्याला चिडवायची, ‘अहो, तिला उतरू द्या, तुम्हीच पडाल.’

एके दिवशी जेवताना ती म्हणाली, ‘आई, माझं होईपर्यंत ते काम बंद कर.’

‘का गं?’

‘का काय? माझ्या पोटात बाळ आहे आणि तू दिवसभर मेलेल्या बाळाची आई होऊन बसतेस. मला कसंतरी होतं.’

‘अगं, रबराचं आहे ते! आणि मी रडले म्हणून कुणाचं काही होत नसतं. तू शिकलेली ना?’

‘शिकलेली आहे म्हणून भीती वाटू नये का?’

मी म्हटलं, त्या पोरी माझ्यावर सराव करतात म्हणून उद्या कुणाच्या तरी लेकीशी माणसासारखं बोलतील. ती ताट उचलून आत गेली. मी काम सोडलं नाही.

त्याच सुमाराला माझ्यापुढे हळूबाई होती. नाव तिचं वेगळं, पण ती इतकं हळू बोलायची की सगळ्यांनी तेच पाडलं होतं. हात मात्र काय सुंदर! प्रोब पोटावर ठेवला की जे हवं ते समोर, लाल दिवा तर तिच्या हातून कधी लागलाच नाही. मोठ्या बाई कुणाची स्तुती करत नाहीत, पण तिच्या हाताकडे बघत नुसत्या उभ्या राहायच्या. फक्त सांगायची वेळ आली की हळूबाईची बोबडी वळायची. पडद्याकडे बघायची, जमिनीकडे बघायची, पोटाकडे बघायची, आणि पुटपुटायची काहीतरी. मोठ्या बाई तिला पुन्हा पुन्हा माझ्याकडे पाठवायच्या. दुपारच्या सुटीत बाकीच्या डबे खायच्या आणि आमचं दोघींचं चालू असायचं.

‘माझ्याकडे बघ,’ मी म्हणायची.

‘बघतेय ना मावशी.’

‘कपाळाकडे बघतेयस. डोळ्यांत बघ. दुसरीकडे कुठे बघायचंच नाही. या खोलीत फक्त मी आहे असं समज. हं, धर हात. बोल.’

‘बाळाच्या हृदयाचे ठोके...’

‘फार हळू! मला ऐकू आलं पाहिजे.’

असं करता करता जमलं तिला. एकदा तर तिने इतकं नीट सांगितलं, की मला रडायला काही करावंच लागलं नाही. नंतर तीही रडली. मी म्हटलं, ‘वेडे, तू पास झालीस, रडतेस काय!’ पुढे तिला समोरच्या इमारतीत सोनोग्राफीच्या खोलीत खरं काम मिळालं. जाताना ती माझ्या पाया पडली. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

आणि मग लेकीचा तो फोन आला. जावई कामावर होता. ती म्हणाली, ‘आई, सकाळपासून बाळ हलत नाहीये.’

‘झोपलं असेल.’

‘गार पाणी प्यायले. डाव्या कुशीवर पडून राहिले. गोड खाल्लं. काही नाही.’

तिचा आवाज सरळ होता, म्हणूनच मी लगेच चपला घातल्या. मी गाडी करून तिला घरून घेतलं आणि सरळ आमच्या हॉस्पिटलला आणलं. गाडीत ती पोटावर दोन्ही हात ठेवून बसली होती. मध्येच म्हणाली, ‘आत्ता हललं वाटतं.’ खड्डा होता तो. मी म्हटलं, ‘हो का? बघ, मी म्हटलं नव्हतं?’

सोनोग्राफीच्या खोलीचं दार हळूबाईनेच उघडलं. काय सांगू, माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, नशीब! हिचे हात मला माहीत आहेत. लेकीला म्हटलंसुद्धा, ‘ही आपली माणूस आहे. हिच्याइतकं चांगलं कुणी बघत नाही.’ हळूबाईला कळलं नव्हतं, की ही माझी लेक. कळल्यावर ती हसली, आणि माझ्यासाठी लेकीच्या उशाशी खुर्ची ठेवली.

तिने जेल आधी तळहातावर घेऊन कोमट केलं. प्रोब ठेवला. पडदा माझ्या बाजूने तिरका दिसत होता. डोकं दिसलं. पाठीचा कणा दिसला, मण्यामण्यांचा. मी लेकीचा खांदा थोपटत होते.

मग हळूबाई म्हणाली, ‘मी आता थोडा वेळ काही बोलणार नाही. नीट बघतेय. गप्प राहिले म्हणून घाबरू नका.’

हे वाक्य मोठ्या बाई शिकवतात. बघणारी एकदम गप्प झाली की बाईचा जीव टांगणीला लागतो, म्हणून गप्प होण्याआधी सांगून ठेवायचं. कुठल्याही तपासणीत म्हणतात ते. ठोके थांबलेल्या बाळासाठीच म्हणतात असं काही नाही. मी स्वतःला हेच सांगत राहिले. लेक म्हणाली, ‘बघा, बघा, सावकाश बघा.’

हळूबाईने छातीचा भाग मोठा करून पडद्यावर आणला. मी तो कितीदा पाहिलाय म्हणून सांगू! मधोमध ते फडफडतं. डोळे अधू असले तरी कळतं, इतकं फडफडतं. इथे त्या जागी काही हलत नव्हतं. तिने रंगाचं बटण दाबलं. रक्त वाहत असलं की पडद्यावर लालनिळं उमटतं. करड्याचं करडंच राहिलं. तिने प्रोब जरा फिरवला, पुन्हा बघितलं, आणि भिंतीवरचा फोन उचलून मोठ्या बाईंना बोलावलं. एकट्याने ठरवायचं नसतं, दुसऱ्या जाणत्या नजरेने बघायचं असतं, हेही मला पाठ होतं. असं पाठ असण्याला आग लागो.

मोठ्या बाई आल्या. माझ्याकडे बघून थबकल्या, मग पडद्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. लेक विचारत होती, ‘डॉक्टर, काय आहे?’ मोठ्या बाई म्हणाल्या, ‘एक मिनिट, बाळा.’ त्यांनी हळूबाईकडे मान हलवली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून बाजूला झाल्या. ज्याने आधी पाहिलं त्यानेच सांगायचं, ही तिथली पद्धत. त्या पाठीशी उभ्या राहतात.

हळूबाईने प्रोब खाली ठेवला. लेकीच्या पोटावरचं जेल पुसलं, अगदी हलक्या हाताने, कडेकडेपर्यंत. स्टूल ओढलं.

आणि ते तिने माझ्यासमोर ओढलं.

ती बसली. तिने माझा हात हातात घेतला. माझ्या डोळ्यांत बघितलं, कपाळाकडे नाही, सरळ डोळ्यांत. खोलीत दुसरं कुणी नसल्यासारखी ती मला म्हणाली, ‘बाळाच्या हृदयाचे ठोके थांबलेत. आपलं बाळ गेलंय. मला फार वाईट वाटतंय.’

स्पष्ट सांगितलं. एक अक्षर गिळलं नाही.

आणि मी? मला हुंदका आला. तो नेहमी जिथे येतो तिथेच आला, जसा येतो तसाच आला. तोंडावर पदर गेला, मान खाली गेली. ‘पण सकाळी तर...’ हे शब्दही निघाले, माझे ठरलेले. सकाळी मी लेकीपाशी नव्हतेच. आम्ही दोघी हात धरून बसलो होतो आणि पलीकडे माझी लेक उघड्या पोटाने पडलेली होती. त्या क्षणी मला तिची आठवणसुद्धा नव्हती. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

‘अहो,’ लेक म्हणाली.

हळूबाईचं लक्ष नव्हतं. गप्प बसायचं असतं ना, ती गप्प बसली होती.

‘अहो, इकडे बघा. पोट माझं आहे.’

हळूबाईने मान वळवली. मोठ्या बाई पुढे आल्या आणि काही बोलणार, तोच लेकीने हात वर केला. कोपरावर रेटा देऊन ती अर्धी उठली. इतकी पांढरी पडली होती, पण आवाज चढला होता तिचा. लहानपणी भांडताना चढायचा तसा.

‘मी ऐकलं. बहिरी नाहीये मी. पण मला कुणी सांगितलं नाहीये अजून. तिला काय सांगता? तिचं आहे का ते? मला सांगा.’

मी म्हटलं, ‘राणी, अगं...’

‘तू गप्प बस आई. तू रडू नकोस. एक मिनिट रडू नकोस माझ्या आधी.’

मी पदर तोंडात कोंबला. कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं, आणि तिचं बरोबर होतं.

हळूबाई उठली. स्टूल उचलून पलीकडे गेली. तिच्या त्या सुंदर हातांतून स्टूल दोनदा पलंगाला आपटलं. ती बसली, तिने लेकीचा हात धरला आणि तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही पुटपुटणार, जमिनीकडे बघणार. मी मनातल्या मनात म्हणत होते, बोल गं, बोल, तिला पुन्हा विचारायला लावू नकोस.

‘तुमचं बाळ गेलंय,’ ती म्हणाली. ‘मी चुकले. हे आधी तुम्हाला सांगायला हवं होतं.’

लेक तिच्याकडे बघत राहिली. मग हळूच आडवी झाली, पुन्हा डाव्या कुशीवर, बाळासाठी वळायची तशी. चादर स्वतःच वर ओढून घेतली. आणि मग तिने जो आवाज काढला, तसा मी त्या खुर्चीत कधीच काढला नव्हता. मला वाटायचं, मला येतं सगळं. अजिबात येत नव्हतं.

नंतर मोठ्या बाईंनी तिला समजावलं. बाळ गेलं असलं तरी बाळंत व्हावं लागेल. कळा येण्याचं औषध द्यावं लागेल, वेळ लागेल, दुखेल, दुखण्यावरही औषध देऊ. लेकीने विचारलं, ‘म्हणजे मलाच काढायचं?’ मोठ्या बाईंचा तो आवाज कुठे गेला कुणास ठाऊक. ‘हो, बाळा,’ एवढंच म्हणाल्या. मी बाहेर जाऊन जावयाला फोन केला आणि लगेच या म्हटलं. त्यापुढे तो विचारायला लागला, तेव्हा मी फोन बंद केला. कसं सांगावं याचे धडे देणारी बाई मी.

लेकीला वरच्या मजल्यावर, टोकाची खोली दिली. भिंती हिरवट होत्या, कोपऱ्यात बाळाचा रिकामा पाळणा होता. नर्सने तो माझ्या देखत बाहेर नेला, चाकं करकरली. औषध दिलं. जावई अजून वाटेतच होता. आम्ही दोघीच बसलो. तिला धरू का, असं विचारायचीही सोय राहिली नव्हती.

बऱ्याच वेळाने तीच बोलली. रडून घसा बसला होता.

‘आई.’

‘काय गं?’

‘त्या बाईचं पुढे काय होतं? तू होतेस ती. बाळ गेलं म्हणून सांगतात, तू रडतेस. मग ती काय करते?’

टोमणा नव्हता तो. मी तिच्या तोंडाकडे नीट बघितलं. ती खरंच विचारत होती. मला यातलं काही माहीत असेल असं तिला वाटत होतं.

आमचा सराव रडण्यापाशी संपायचा. मोठ्या बाई ‘छान’ म्हणायच्या, कुणीतरी ट्यूबलाइट लावायचं, मी चादर काढायची आणि पोट कपाटात जायचं. ती बाई घरी कशी गेली, तिला दूध आलं का, झबली कुणी आवरली, आम्ही कुणी विचारलंच नव्हतं. मलाही कधी सुचलं नाही. इतक्या वेळा त्या बाईला खुर्चीतच सोडून मी डबा खायला गेले.

‘मला माहीत नाही गं सोन्या,’ मी म्हटलं. ‘पुढचं आम्ही कधी केलंच नाही.’

‘बरं,’ ती म्हणाली.

मग तिने एकदम पलंगाची कड धरली. कपाळाला आठी पडली, श्वास अडकला, बोटं पांढरी झाली. मी उठून उभी राहिले. ती कंबर वाकवून माझ्याकडे बघत होती, मोठ्ठे डोळे करून.

‘आई, हीच का कळ?’

‘हीच,’ मी म्हटलं. ‘श्वास रोखू नकोस. सोड.’